आधी बोर्डाला विचारा

शर्टाच्या खिशात पेन ठेवणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. चष्मा ठेवणारी, तंबाखूची डबी ठेवणारी, देवाचा फोटो ठेवणारीही पाहिली असतील. पण साठीला आलेला माणूस खिशात खोडरबर घेऊन फिरतोय, असं कधी पाहिलंय? शाळेतली पोरं वापरतात तसलं, पांढरं, एका कोपऱ्यातून काळं पडलेलं खोडरबर. मी पाहिलाय असा माणूस. म्हणून तर हे लिहायला बसले.

नाशिक रोडला, स्टेशनकडून आमच्या कॉलनीकडे येताना पिठाची गिरणी लागते. तिला चिकटून त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, उभं कपाट म्हणा. आत ते, एक स्टूल, आणि भिंतभर उघडे पडलेले कॉम्प्युटर. गिरणीचं पीठ उडून सगळ्यावर पांढरी साय धरायची. गिऱ्हाईक ओरडलं, "भाऊ, यात पीठ गेलंय!" की ते शांतपणे विचारायचे, "गव्हाचं का ज्वारीचं?"

सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही. ते मला ताई म्हणायचे.

आता मी कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात काय करत होते, असं तुम्हाला वाटेल. तर सांगते. पन्नाशी उलटल्यावर मी कॉम्प्युटर शिकले. कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकले. आधी मराठी टायपिंग, मग लग्नपत्रिका, मग द्राक्षांच्या खोक्यांवरची लेबलं. मखमलाबादच्या गुलाबवाल्यांपासून चांदवडच्या कांदेवाल्यांपर्यंत सगळ्यांचे स्टिकर या हातांनी केलेत. माझ्या द्राक्षांच्या घडाकडे बघून एक व्यापारी म्हणाला होता, "आजी, खोक्यातल्यापेक्षा खोक्यावरची जास्त गोड दिसतात." तो मला टोमणा वाटला नाही, अजूनही वाटत नाही.

तर भाऊंचं ब्रीदवाक्य एकच. कुणी दुकानात आलं आणि म्हणालं, "भाऊ, एक रॅम द्या," की ते हातातलं काम न सोडता म्हणायचे, "मी कोण देणारा? आधी बोर्डाला विचारा."

रॅम म्हणजे काय, ते माझ्यासारख्या बायकांसाठी सांगून टाकते. कॉम्प्युटरच्या पोटात बोटभर रुंदीची हिरवी पट्टी असते, खाली सोनेरी दात. कॉम्प्युटर काम करताना लागेल ते सगळं तिच्यावर मांडून ठेवतो. आपला स्वयंपाकाचा ओटाच म्हणा ना. ओटा लहान असला की पोळपाट उचलल्याशिवाय विळी ठेवता येत नाही, आणि स्वयंपाक रखडतो. ही पट्टी ज्या मोठ्या पाटीवर बसते, ते बोर्ड. आणि भाऊंचं म्हणणं असं की, ओटा कुठला चालेल ते घरानं ठरवायचं, दुकानदारानं नाही.

लोकांना हे पटायचं नाही. लोकांना वाटायचं, पट्टी ती पट्टी. एक मास्तर लॅपटॉपची रॅम घेऊन आले होते, निम्म्या लांबीची. म्हणे, "लहान आहे, तर मोठ्या खाचेत आरामात मावेल की!" भाऊ म्हणाले, "सर, मावेल. शर्टाच्या खिशातसुद्धा मावेल."

पण सगळ्यात भारी होता चांदवडकडचा एक शेतकरी. त्यानं कागदात गुंडाळून एक रॅम आणली. नव्या पिढीच्या रॅमची खाच वेगळ्या जागी असते, जुन्या बोर्डात ती जातच नाही. या गड्यानं काय केलं, घरची कानस घेतली आणि नवी खाच पाडली.

"भाऊ, बसत नव्हती म्हणून जरा कानस मारली. लय नाय, थोडीच. आता झकास बसती, पन चालू नाय होत."

भाऊंनी ती पट्टी उजेडात धरली. त्यांचं गाव सटाण्याकडचं. एरवी नाशिकचं बोलायचे, पण फार आश्चर्य वाटलं की जीभ घरी जायची. "हाई काय शे!" एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता या माणसाची धुलाई होणार. तर भाऊ त्याला म्हणतात, "हात फार सफाईचा आहे तुमचा. एक रेघ वाकडी नाही." तो शेतकरी इतका खूश झाला की रॅम वाया गेल्याचं विसरूनच गेला. ती पट्टी भाऊंनी काचेच्या कपाटात देवासारखी उभी करून ठेवली. कुणी घाई करायला लागलं की तिच्याकडे नुसतं बोट दाखवायचे.

त्यांच्याकडे एक लांबडी वही होती. कुठल्या बोर्डावर कुठली रॅम लावून पाहिली आणि काय झालं, ते सगळं त्यात. पुढे शेरा फक्त दोन प्रकारचा. 'चालली' किंवा 'रुसली'. मी एकदा म्हटलं, "भाऊ, बिघडली असं लिहा की." तर म्हणाले, "बिघडलेली नसते हो ताई. बोर्ड चांगलं, रॅम चांगली, पण एकमेकांशी ओळखच पटत नाही. त्यात कुणाचा दोष?"

आणि ही नाराजी कॉम्प्युटर बोलून दाखवतो, बरं का. चालू करताना सगळं जमलं तर एकदाच बारीक 'टूं' वाजतं. रॅम पसंत नसली तर टूं... टूं... टूं... असं रडगाणं सुरू होतं, ते बंद करेपर्यंत थांबत नाही. भाऊ तो आवाज तोंडाने हुबेहूब काढायचे. गिरणीवाल्याने विचारलं, "काय भाऊ, आज धंदा कसा?" की उत्तर यायचं, "टूं... टूं... टूं..." ज्या दिवशी गिऱ्हाइकं बरी, त्या दिवशी एकच, "टूं!"

आता माझी भानगड सांगते. मी भांडण लावणारी बाई नाही, पण अट घालणारी आहे.

हे गेल्यानंतर मुलानं पुण्याला चल म्हणून धोशा लावला. मुलगा चांगला आहे, सून त्याहून चांगली. पण मी पुण्याला आठ दिवस राहून पाहिलं होतं. मऊ सोफा, मोठा टीव्ही, आणि सगळे म्हणतात, "आई, तुम्ही बसा." मी बसले. आठ दिवस बसलेच. नवव्या दिवशी मला पाठ आहे की नाही, तेच कळेना. पण मुलाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हणून मी म्हटलं, "हा माझा कॉम्प्युटर चालतोय तोवर इथलं काम करते. तो कायमचा बंद पडला की येते." त्या डबड्याकडे बघून मुलगा हसला. म्हणाला, "ठरलं! हा बंद पडला की सामान बांधायचं."

तुम्ही म्हणाल, किती सोपी अट. सोपी कसली? त्या दिवसापासून कॉम्प्युटर खोकला तरी मी हातातलं काम टाकून त्याच्यापाशी धावायचे.

मग एका हंगामात द्राक्षवाल्याचं मोठं लेबल उघडलं की स्क्रीन गोठायला लागली. घड दिसायचा तो अर्धाच, खालचे मणी दहा मिनिटांनी. शनिवारी मुलगा येणार होता. भाऊंना विचारलं असतं तर? पण मला वाटलं, इतक्या वर्षांत आपण काय कमी शिकलो? फोनवरून रॅम मागवली. चांगली मोठी, चकचकीत. खाच जुन्या रॅमसारखीच, ती मी नीट मोजून पाहिली होती. कानस मारणाऱ्यातली मी नव्हे! डबा उघडला, जुन्या दोन्ही पट्ट्या काढल्या, नवी दाबली. खटकन बसली. बटण दाबलं.

टूं... टूं... टूं...

घाबरून जुन्या पट्ट्या परत लावायला घेतल्या. त्यांच्यावर धूळ होती. मी काय केलं असेल? अंगावर सिल्कची साडी होती, नुकतीच एका बारशाहून आले होते. पदराला छान पुसून घेतल्या दोन्ही. लावल्या.

टूं... टूं... टूं...

शनिवारी सकाळी मी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि रिक्षात शेजारी बसवला. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "आजी, कोण ॲडमिट आहे?" म्हटलं, "तू चालव बाबा, खड्डे चुकव."

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. पदराचं सांगितल्यावर त्यांनी खोडरबर खाली ठेवलं आणि हात जोडले.

"ताई, पदरानं लेकराचं नाक पुसतात. रॅम पुसत नाहीत. रेशमात वीज असते, आपल्याला कळत नाही पण तिला कळते. दोन्ही गेल्या."

"आणि ही नवी?"

त्यांनी नवी उलटीपालटी केली. "फार गुणी आहे. पण बघा, हिला चिपा, हे काळे चौकोन, एकाच बाजूला. तुमचं बोर्ड जुन्या वळणाचं, त्याला दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा असलेलीच ओळखू येते. हिला ते घरात घेतं, पण ओळख देत नाही. विचारलं होतं का बोर्डाला?"

मी खाली बघितलं. मग मला युक्ती सुचली. "भाऊ, असं करा. आतलं बोर्ड नवं टाका, रॅम नवी टाका. डबा तेवढा हाच ठेवा. माझा मुलगा कंपनीत कॉम्प्युटरवरच काम करतो, पण त्यानं आयुष्यात एकही उघडून पाहिलेला नाही. त्याला काय कळतंय?"

"बोर्ड बदललं म्हणजे कॉम्प्युटर बदलला, ताई. त्यांनी विचारलं तर मी तसंच सांगणार."

"तुम्हाला सांगायला कोण लावतंय? गप्प राहा."

"गप्प राहिलं तरी खोटंच ते."

असा माणूस! माझ्या बाजूचा असून माझ्या बाजूचा नाही. पण लगेच ड्रॉवर उपसायला लागले. वही काढली, भिंग काढलं, माझ्या बोर्डावरची बारीक अक्षरं वाचून घेतली. जुन्या पट्ट्या एकेक काढायच्या, सोनेरी दात खोडरबराने घासायचे, फुंकर मारायची, बसवायची. टूं टूं टूं. वहीत लिहायचं, रुसली. दुसरी. टूं टूं टूं. रुसली. माझ्या मांडीवर खोडरबराचा भुगा पडत होता आणि मी मनात पुण्याच्या सोफ्यावर बसत होते.

सात रुसल्या. आठवी लावली तेव्हा दुकानाच्या दारात माझा मुलगा उभा. शेजारणीने सांगितलं होतं, आई कॉम्प्युटरला घेऊन रिक्षातून गेली.

टूं... टूं... टूं...

तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "आई, संपला ना हा? जाऊ दे आता. ठरलं होतं आपलं." अगदी प्रेमाने म्हणाला हो. तेच तर वाईट. रागावला असता तर मी भांडले असते.

भाऊंनी बटण बंद केलं. टूं टूं थांबलं. म्हणाले, "दादा, एक विचारू? तुम्ही आधी बोर्डाला विचारलंत का?"

"त्याला काय विचारायचं भाऊ, जुनंच आहे ते."

"या बोर्डाचं नाही म्हणत. ताईंना पुण्याला नेताय, तिथं जागा चांगली असेल, नवी असेल, ताई बसतीलही नीट. पण त्या तिथं चालतील का, ते त्यांना विचारलं का?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी जन्मभर बडबड करणारी बाई. कीर्तनात माझ्यामुळे बुवांना थांबावं लागलंय. पण एवढी एक गोष्ट मी त्याला कधी तोंडाने सांगितली नव्हती. आणि तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं मी त्या डबड्याच्या मागे लपले होते. मला जे सांगायचं ते मी कॉम्प्युटरला सांगायला लावत होते.

"मला इथंच राहायचंय रे," मी म्हटलं. "हा चालला तरी आणि नाही चालला तरी."

मुलाने कपाळावर हात मारला.  मग तो म्हणाला, "अगं मग असं सांगायचं ना! मी उगाच दर महिन्याला फोनवर विचारत होतो, कॉम्प्युटर कसाय, कॉम्प्युटर कसाय."

"मला वाटायचं तू काळजीनं विचारतोस!"

"कॉम्प्युटरची?" असं म्हणून तो हसायला लागला आणि मग मीही.

तेवढ्यात भाऊ वळले. काउंटरवर त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर होता, पीठ खाऊन खाऊन पांढरा झालेला. स्क्रीनवर पत्त्यांचा डाव मांडलेला. त्यांनी एकदा त्या डावाकडे बघितलं. "जिंकत आलो होतो," असं पुटपुटले आणि बंद केला. उघडून दोन पट्ट्यांतली एक काढली. दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा.

"अहो भाऊ, तुमची जोडी फुटेल!"

"माझा एकीवर चालेल. मला काय, पत्तेच वाटायचेत."

खोडरबर, फुंकर, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या खट खट. बटण.

टूं.

एकदाच. मी तुम्हाला सांगते, देवळातली घंटा इतकी गोड वाजत नाही.

पुढे मुलानंच नवा कॉम्प्युटर करून दिला, भाऊंकडूनच. भाऊंनी मला तीन दिवस प्रश्न विचारून हैराण केलं. किती मोठी लेबलं? एका वेळी किती उघडता? आधी बोर्ड ठरलं, मग त्या बोर्डाला कुठल्या रॅम मानवतात त्याची कंपनीची यादी फोनवर वाचून झाली, मग रॅम. तीही दोन पट्ट्या, एकाच खोक्यातल्या. म्हणाले, "एक जोरात पळणारी आणि एक दमाने चालणारी जोडली तर दोघींना दमानेच चालावं लागतं." मी म्हटलं, "आमचं दोघांचं तसंच होतं. दमाने चालणारे हे होते."

मग एकदा भाऊ माझ्याकडे चहाला आले. सहसा कुणाकडे जायचे नाहीत. बशीत चहा ओतून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "मुलगा म्हणतोय, दुकान बंद करा, सटाण्याला चला. आता लोक लॅपटॉपच घेतात. त्यात रॅम चिकटवूनच येते. विचारायचं कुणाला?"

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अहो वा! बरंच झालं की. आता बसा आरामात."

ते हसले, चहा प्यायले आणि गेले.

काही दिवसांनी पाहिलं तर दुकानाच्या जागी मोबाइलची रंगीत कव्हरं टांगलेली. गिरणीवाल्याने एक पाकीट दिलं, "भाऊंनी तुमच्यासाठी ठेवलंय." आत खोडरबर. झिजून झिजून हरभऱ्याएवढं उरलेलं. हातात घेतलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बसा आरामात! मी, पुण्याच्या सोफ्यावरून पळून आलेली बाई, त्या माणसाला सांगते, बसा आरामात! ज्यानं माझ्यासाठी विचारलं, त्याला कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा.

लगेच फोन लावला.

"भाऊ, कसं आहे तिकडे?"

"बठ्ठं चांगलं शे, ताई, सगळं चांगलं. मुलगा चांगला, सून चांगली. खाट आहे, टीव्ही आहे."

"ते नाही विचारलं. तुम्हाला तिथं जमतंय का?"

पलीकडे कोंबडी ओरडल्याचा आवाज आला. मग फोनमधून हळूच, अगदी हुबेहूब:

"टूं... टूं... टूं..."

मी हसले. तेही हसले. पण फोन ठेवल्यावर मला काही काम सुचेना.

आमच्या समोरच्यांचा भाचा सटाण्याहून डाळिंबं घेऊन नाशिकच्या मार्केटला येतो, जाताना पिकअप रिकामी जाते. मी कॉलनी पालथी घातली. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पलंगाखाली, बंद पडलेले कॉम्प्युटर मिळाले पाच. लोक म्हणाले, "आजी, भंगारात देताय का?" म्हटलं, "भंगार तुमच्या डोक्यात. सटाण्याला दुरुस्तीला पाठवतेय." भाच्याला बजावलं, रिकाम्या क्रेटमध्ये नीट लाव, उशा दे, आणि तिथं गेल्यावर एकच निरोप सांग, "ताईंनी विचारलंय, हे चालतील का?" वर एक कोरं करकरीत खोडरबर दिलं. रिकाम्या क्रेटांच्या मधोमध पाच कॉम्प्युटर वऱ्हाडासारखे बसून गेले.

दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मी एका सीताफळवाल्याचं लेबल करत होते. फोन वाजला. भाऊंचा नंबर. मी म्हटलं, "हॅलो भाऊ, पोहोचले का?"

मागे कसलासा खटखट आवाज, कुणीतरी फुंकर मारल्यासारखं.

मग एकदाच.

"टूं!"

आणि फोन बंद. कामात होते ना.